तांबडा पापुद्रा

कुरुमे,
१२ डिसेंबर २०२४

आदरणीय एगाशिरा-सेम्पाई यांस,

प्रयोगशाळेतल्या तुमच्या धाकट्याचा, एजुन तोकुनागाचा, कमरेत वाकून नमस्कार. (कंबर आता पूर्वीसारखी वाकत नाही; उरलेलं मनाने वाकलो असं समजावं.) तुम्ही विद्यापीठ सोडून बावीस वर्षं झाली. पण सेम्पाई ही काही नोकरी नव्हे, की राजीनामा दिला आणि सुटली. दोन वर्षं आधी आलेला माणूस जन्मभर दोन वर्षं आधीच आलेला असतो. तेव्हा हे संबोधन गोड मानून घ्यावं.

इकडे सगळं ठीक. थंडी उशिरा आली. देऊळ धाकट्या भावाने सांभाळलं आणि मी पळालो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. आता तो रोज सकाळी अंगणातली गिंकोची पानं झाडतो आणि मग मला फोन करून सांगतो की झाडली. माझ्या अपराधी मनाला रोजचा नैवेद्य लागतो, अशी त्याची समजूत असावी. आई बरी आहे. ऐकू कमी येतं, पण आपल्याविषयी बोललेलं येतं.

तुमची नोरीची, वाळवलेल्या समुद्रशेवाळाच्या तावांची, पेटी परवा पोचली. यंदा खाडीचं पाणी गरम राहिलं आणि शेवाळाचा रंग उतरला, असं बातम्यांत रोज ऐकत होतो. पण तुमचे ताव नेहमीसारखे काळेभोर. विस्तवावर नुसते फिरवले तरी घरभर समुद्र. यजमानांना माझा नमस्कार सांगा. आपल्या बोलीत नवऱ्याला 'दान्ना' म्हणतात, तो मूळ संस्कृत 'दान' शब्द, हे मी तुम्हाला प्रयोगशाळेत सांगितलं होतं आणि तुम्ही म्हणाला होतात, "बुवा, तुझं संस्कृत ऐकून एक तरी यंत्र दुरुस्त झालंय का?" नव्हतं झालं. पण तुमचे यजमान घरजावई होऊन, स्वतःचं आडनाव सोडून, एगाशिरांकडे आले. म्हणजे तुमच्या बाबतीत व्युत्पत्ती अक्षरशः खरी ठरली.

पेटीत नेहमीप्रमाणे चिठ्ठी नव्हती. आणि नेहमीप्रमाणे पहिल्या गड्डीतला एक ताव उलटा होता. त्याविषयी पुढे लिहीन.

बातमी अशी की आपली जुनी इमारत जानेवारीत पाडणार आहेत. तिच्याबरोबर आत्याबाईही चालली. तुम्हाला दुसरं कोणी आत्याबाई आठवायच्या आत सांगतो: तळघरातली निर्वात कोठी. कमरेइतकं पोलादी पिंप, पुढे एक गोल खिडकी, आणि हवा ओढताना तो जुना खोकला. नव्या इमारतीत गुळगुळीत यंत्रं आली आहेत, ती खोकत नाहीत, बोलतही नाहीत. पडद्यावर हिरवा दिवा लागला की विद्यार्थी म्हणतात, झालं. आत्याबाईच्या पोटात काय चाललंय ते आपल्याला कान लावून कळायचं. सामान काढायला मी गेल्या महिन्यात खाली उतरलो आणि पायरीवरच थबकलो. तो वास अजून तसाच आहे. पंपाचं तेल, स्पिरिट, आणि कोणीतरी हीटरवर भाजलेलं रताळं.

तिथेच तुम्ही मला शिकवलंत. मी दोन वर्षं संस्कृत वाचून, आजोबांना थडग्यांच्या फळ्यांवर सिद्धम् अक्षरं काढून देऊन, मग पदार्थविज्ञानात घुसलेला उपरा. सौरघट म्हणजे सिलिकॉन एवढंच मला माहीत. तुम्ही ती बाटली पुढे केलीत: रस्त्यावरच्या पाट्या रंगवतात तोच निळा रंग. या रंगातून वीज वाहते, म्हणालात, फक्त तो काचेवर कसा बसतो यावर सगळं आहे. मला काही कळलं नाही, हे माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं.

"बुवा, घरी भांडी कोण घासतं?"

"आई."

"म्हणून तुला कळत नाही. आपला रेणू ताटलीसारखा चपटा आहे. ताटल्या जाळीत उभ्या लावल्या तर उभे रेणू. एकावर एक चळत रचली तर आडवे. वीज ताटलीतून शेजारच्या ताटलीत उडी मारते. आता सांग, सौरघटात वीज खालून वर न्यायची आहे. काय हवं?"

"चळत."

"आणि आपले रेणू काय करतात?"

"जाळीत उभे राहतात."

"का?"

"काचेवर अंग टाकायला त्यांना आवडत नाही."

"पाठ झालं. आता होडी धू."

होडी म्हणजे पूड तापवायची ती धातूची लांबट वाटी. ती पांढरी होईतो तापवायची, पूड वाफ होऊन वर जायची आणि उलट्या टांगलेल्या काचेवर बसायची. केसाच्या हजाराव्या हिश्श्याहून पातळ पापुद्रा. आज मी हेच ताटल्यांचं उदाहरण वर्गात देतो. परवा एक मुलगी म्हणाली, "सर, आमच्याकडे भांडी मशीन धुतं." ज्ञानाची परंपरा अशी खंडित होते.

२००१चा ऑक्टोबर आठवतो? सातव्या क्रमांकाची काच. तुम्ही ती क्ष-किरणांत ठेवली, आणि आलेख हळूहळू कागदावर उमटू लागला. उभ्या रेणूंचं शिखर डावीकडे यायचं, नेहमी यायचं, इतकं की आपण डावीकडेच बघत बसायचो. त्या दिवशी डावीकडे सपाट रान. सुई पुढे सरकत राहिली, आणि पार उजवीकडे, जिथे आडव्यांची जागा, तिथे ती चढली. तुम्ही केसांत खोवलेली पेन्सिल काढलीत, परत खोवलीत, आणि हळूच म्हणालात, "झोपले."

कुवानो सर सपाता फटफटवत आत आले. "कोण झोपलं?"

"रेणू, सर."

"मग आवाज करू नका, उठतील."

त्या काचेच्या घटाने जवळजवळ दुप्पट वीज दिली. ख्रिसमसपर्यंत तशा अकरा काचा झाल्या. मार्चच्या परिषदेसाठी सरांनी तुमचं नाव पहिलं घालून सारांश पाठवला. तुम्ही डॉक्टर होणार होतात, आणि आपल्या प्रयोगशाळेत त्या दिवसांत सगळे एकमेकांशी चांगले वागत होते, जे विज्ञानात फारसं घडत नाही.

मग २८ डिसेंबर. वर्षअखेरची मोठी साफसफाई. सर डोक्याला टॉवेल बांधून खिडक्या पुसत होते आणि आपण दोघं आत्याबाईच्या पोटात डोकं घालून आतली पन्नी खरवडत होतो. पन्नीखालून लालसर भुकटी निघाली. पत्र्याच्या सुपलीत चांगली चिमूटभर.

"एवढं लाल कुठून आलं रे? नोंदवहीत तर दर खेपेला साफ केल्याचा शिक्का आहे."

मी म्हणालो, "जुनं असेल."

तुम्ही म्हणालात, "आत्याबाई फारच लाजलेल्या दिसतात," आणि सुपली बादलीत उपडी केलीत.

जानेवारीपासून तुमचे रेणू पुन्हा उभे राहिले. एकतीस वेळा केलंत. तुम्ही काचेला दोष दिलात, मग पाण्याला, मग पुडीच्या नव्या बाटलीला, शेवटी स्वतःच्या हातांना. हाताला क्रीम लावणं सोडलंत. घरून आलेल्या नोरीचे भाताचे गोळे तुम्ही दुपारी खायच्या, तेही बंद केलंत, बोटांना काही लागत असेल म्हणून. अकरा वेळा झोपलेले रेणू एकतीस वेळा उभे का राहतात, याचं उत्तर कोणापाशी नव्हतं. मग लोकांनी त्यांच्यापाशी होतं ते उत्तर काढलं.

सरांच्या खोलीचं दार पातळ होतं. मी आलेखांची फाइल घेऊन बाहेर उभा होतो.

"एगाशिरा, हे आलेख तुला मिळाले की तू काढलेस?"

मग तुमचा आवाज. "मिळाले होते, सर."

सारांश मागे घेतला गेला. २५ मार्चला तुमची तीन खोकी मी बसथांब्यापर्यंत नेली. तुम्ही तुमचा चिमटा, दांड्याला पिवळी पट्टी गुंडाळलेला, माझ्या खिशात घातलात. बस येताना दिसली तेव्हा विचारलंत, "बुवा, झोपले होते ना? तू पाहिलं होतंस ना?"

मी म्हणालो, "पाहिलं होतं."

इथे मी चहा करायला उठलो. चहा झाला, प्यायलाही. भावाचा फोन येऊन गेला. पानं झाडली आहेत.

जुन्या विनयग्रंथांत भिक्षूंची एक रीत आहे. दर पंधरवड्याला सगळे जमतात, नियम वाचले जातात, आणि ज्याच्याकडून जे मोडलं असेल ते त्याने उघड करायचं. या उघड करण्याला तिथे जे क्रियापद आहे, त्यातूनच 'आविष्कार' आला. आजोबांनी शिकवलं तेव्हा मला गंमत वाटली होती, की दोष सांगण्याला एवढा भारी शब्द. माझा पंधरवडा जरा लांबला, एवढंच. आता सरळ लिहितो.

ती लाल भुकटी माझी होती. त्या शरद ऋतूत मी एका तांबड्या रंगावर काम करत होतो. नियम असा की तांबडं वापरलं की आतली पन्नी बदलायची, भिंती पुसायच्या, रिकामी होडी तापवून जाळायची, आणि मगच नोंदवहीत 'साफ केली' या रकान्यात आपल्या नावाचा शिक्का मारायचा. तीन तासांचं काम. आजोबा आजारी होते असं कारण मी बरीच वर्षं स्वतःला दिलं. ते आजारी होते हे खरं आहे. पण ज्या दुपारी मी साफसफाई टाळली त्यातल्या बऱ्याचशा दुपारी बेसबॉल होतं. शिक्का मात्र मी दर वेळी मारला. ठळक, सरळ, वर्तुळाच्या मधोमध. माझं अक्षर वाईट, पण शिक्का नेहमी सुरेख.

तुम्ही माझ्यानंतर कोठी वापरायच्या. आत्याबाई तापली की भिंतीवरचं माझं तांबडं आधी उडायचं आणि तुमच्या काचेवर बसायचं, डोळ्यांना दिसणार नाही इतका पातळ पापुद्रा. तुमच्या निळ्या रेणूंना काच आवडत नव्हती. तो पापुद्रा आवडला. त्यांनी अंग टाकलं. २८ डिसेंबरला आपण दोघांनी मिळून त्यांचं अंथरूण बादलीत फेकून दिलं.

इथवर तुम्हाला ठाऊक असणार, कारण २००३च्या नोव्हेंबरात मी आणि सरांनी लेख छापला: खाली तांबड्याचा थर दिला की वरचा निळा आडवा होतो. मी ते 'मुद्दाम योजलं' असं लिहिलं. सरांना माझी मखलाशी कळली नाही. तुमच्या काचांची आठवण त्यांनी काढली तेव्हा मी म्हणालो, योगायोग असेल. त्या लेखावर मला पद मिळालं, एक पारितोषिक मिळालं, आणि पातळ थरांच्या रचनेवर लोक आज मला बोलावून विचारतात. आभारांच्या ओळीतसुद्धा तुमचं नाव नव्हतं. माझं सगळं आयुष्य त्या पापुद्र्यावर उभं आहे. उभं कसलं, आडवं.

आता राहिलेलं. या पत्राच्या तीन कच्च्या प्रती मी केल्या आणि तिन्हींत लिहिलं की हे मला नंतर, लेखाच्या वेळी, उमगलं. तिन्ही फाडल्या. मला उमगलं १७ फेब्रुवारी २००२ला, दुपारी. रविवार होता, तळघरात कोणी नव्हतं. 'आत्याबाई फारच लाजलेल्या दिसतात' हे तुमचं वाक्य डोक्यातून जात नव्हतं. मी आधी तांबडं उडवलं, साफ केलं नाही, मग तुमच्या बाटलीतलं निळं घेतलं. संध्याकाळी साडेचारला आलेख आला. डावीकडे सपाट, उजवीकडे शिखर. रात्री पन्नी बदलून टाकली. ती एकच नोंद मी वहीत केली नाही.

त्यानंतर छत्तीस दिवस तुम्ही प्रयोगशाळेत होतात. रोज सकाळी 'बुवा, चहा' म्हणायच्या. मी चहा द्यायचो. एप्रिलमध्ये सहायकाची जागा भरायची होती, आणि खोटे शिक्के मारणारा माणूस कुवानो सरांनी उंबऱ्यातही उभा केला नसता. बसथांब्यावर तुम्ही विचारलंत तेव्हा मी जे पाहिलं होतं ते एकदा नव्हतं, दोनदा होतं.

नोंदवही हाती आली म्हणून हे लिहितोय असं म्हणायला सोपं आहे. खरं तर ती बावीस वर्षं त्याच फळीवर होती.

गेल्या रविवारी मी सरांकडे गेलो. ते शहाऐंशीचे आहेत, वृद्धनिवासात, खिडकीशी त्यांची खुर्ची. मी वही उघडून मांडीवर ठेवली आणि सगळं सांगितलं. सरांनी चष्मा लावून माझे शिक्के एकेक करून पाहिले.

"सुरेख मारलेत," म्हणाले.

"हो, सर."

"मी तिला काय विचारलं होतं, तुला ऐकू आलं होतं?"

"दार पातळ होतं."

"मला वाटलं होतं मी विज्ञान सांभाळतोय." मग त्यांनी चष्मा काढून वहीवर ठेवला. "तोकुनागा, तू चोर आहेस. आणि मी घाईचा न्यायाधीश. कागद आण, दोघांची सही एकाच कागदावर होऊ दे. वेगवेगळे गेलो तर संपादकांना वाटेल आपण एकमेकांवर ढकलतोय."

तो कागद आज सकाळी नऊ वाजता टपालात पडला. नियतकालिकाच्या संपादकांना एक प्रत, विद्यापीठाला एक. आडव्या रेणूंचं पहिलं निरीक्षण मिझुए एगाशिरा यांचं, ऑक्टोबर २००१, अकरा नमुने; कारण माझी न केलेली सफाई; ते कारण मला कधी कळलं, ती तारीख. हे पत्र मी त्यानंतर लिहायला बसलो, मुद्दाम. आधी तुम्हाला विचारलं असतं, तर तुम्ही 'जाऊ दे रे' म्हणण्याची शक्यता होती, आणि मी ते लगेच ऐकलं असतं. विद्यापीठात आता समिती बसेल. बसू दे, बसणं हा समितीचा स्वभावच आहे. विभागप्रमुखपदाची किल्ली मी आजच कचेरीत दिली. शिपाई म्हणाला, "सर, सुट्टीवर?" म्हटलं, हो, जरा लांबली होती.

आता उलट्या तावाविषयी. नोरीची एक बाजू गुळगुळीत, एक खरखरीत. गड्डी लावताना गुळगुळीत बाहेर, हे तुमच्या घरातल्या पोरासोरांनाही कळतं. दर वर्षी पहिल्या गड्डीत एक ताव उलटा. सुरुवातीला वाटलं यंत्राची चूक. मग वाटलं तुमची थट्टा. पेट्या मोजल्या त्या परवा पहिल्यांदा. बावीस. पहिली आली २००३च्या डिसेंबरात, लेख छापून आल्याच्या पुढल्याच महिन्यात. सेम्पाई, तुम्ही बावीस वर्षं मला सांगत होतात की तुम्हाला बाजू ओळखता येते, आणि मी बावीस वर्षं तो ताव आधी खाऊन टाकत होतो.

या पत्राबरोबर एक लहान डबी आहे. जपून उघडा. आत तुमची सातवी काच आहे. ती मी फेकली नाही, एवढीच माझ्या खात्यावरची चांगली गोष्ट, आणि तीही भित्रेपणाने केलेली. एका कडेला बारीक फोड उठले आहेत, सर म्हणायचे तशा 'देवीच्या खुणा'; बाकी निळा तसाच. मंगळवारी ती नव्या यंत्रात ठेवली. आता आलेख कागदावर येत नाही, पडद्यावर एकदम उमटतो, वाट पाहायलाही मिळत नाही. डावीकडे काही नाही. उजवीकडे शिखर, तिथेच. तेवीस वर्षं झाली, अजून झोपलेले आहेत. चिमटाही पाठवतो आहे. पट्टी मी दोनदा बदलली, रंग पिवळाच ठेवला.

काल दुपारी मी आत्याबाई साफ केली. भंगारवाला म्हणाला, "कशाला साहेब, उद्या कापायचीच आहे." मी पन्नी काढली, भिंती पुसल्या, रिकामी होडी पांढरी होईतो तापवली. पूर्ण तीन तास लागले. नियम लिहिणाऱ्याचा हिशोब बरोबर होता. मग नोंदवहीत शेवटची ओळ लिहिली आणि रकान्यात शिक्का मारला. थोडा तिरका आला.

उत्तराची अपेक्षा नाही. पुढल्या डिसेंबरात पेटी आली नाही, तर समजेन. आली आणि सगळे ताव सुलटे असले, तर काय समजावं याचा विचार करायला मला वर्ष पडलं आहे. एक उलटा असला, तर या खेपेला तो शेवटी खाईन.

तुम्ही बसथांब्यावर विचारलं होतंत, त्याचं पूर्ण उत्तर: झोपले होते, सेम्पाई. तुमचेच होते. आणि मला माहीत होतं.

तुमचा धाकटा,
एजुन तोकुनागा
(बुवा)

खालचा शिक्का साफ केल्यानंतर मारला आहे.